थोरलीचे निरोप

सेलकाकांना त्यांचं खरं नाव कोणी विचारत नसे. कोणी विचारलंच, तर सांगण्याआधी काका किंचित अडखळत, आपलंच नाव आपण बऱ्याच दिवसांनी वापरतोय अशा संकोचाने. डोंगरावरच्या पेट्यांचे सेल बदलणं हे त्यांचं काम, म्हणून सेलकाका. खांद्याला पिशवी, पिशवीत सेल, पाने, पकड, चिकटपट्टी आणि चहाचा थर्मास. गुडघ्याला पट्टा. गळ्यात हाताने विणलेला राखाडी मफलर, त्याच्या एका टोकाला निळ्या लोकरीचा पट्टा. भर उन्हातसुद्धा मफलर सुटत नसे. कोणी टोकलं तर म्हणायचे, "वर वारा असतो." वर वारा असायचा हे खरंच, पण खाली उतरल्यावरही मफलर गळ्यातच राहायचा आणि त्याचं कारण काका कोणाला सांगत नसत.

डोंगर काही फार मोठा नव्हता. हौसेने बघायला यावं असंही त्यात काही नव्हतं. पण पायथ्याशी रस्ता होता, रस्त्याला लागून घरांच्या दोन रांगा होत्या, आणि मागे एकदा डोंगराचा एक लचका सुटून थेट रस्त्यावर येऊन बसला होता. तेव्हा घरं वाचली. पुढच्या वेळी वाचतीलच अशी हमी कोण देणार? म्हणून उतारावर जागोजाग खांब रोवून पेट्या बसवल्या. प्रत्येक पेटीखाली जमिनीत खोल गेलेली एक सळई. माती जरा जरी सरकली तरी ते सळईला कळायचं, सळईकडून पेटीला, आणि पेटीने ते खाली ऑफिसात कळवायचं. तारा टाकायची सोय नव्हती, म्हणून सगळा कारभार हवेतून. आणि पेट्यांचा आवाज तो केवढा! शेजारणीपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ. मग वरच्या पेटीने मधलीला सांगायचं, मधलीने खालचीला, असं करत निरोप ऑफिसातल्या भिंतीवरच्या पडद्यावर यायचा. मुलं कानगोष्टी खेळतात तसाच प्रकार, फक्त इथे निरोपाचा विचका झालेला परवडणारा नव्हता.

यात एक मेख होती. बोलायला सेल खर्च होतो. ऐकायलाही होतो. आणि दुसरीचा निरोप पुढे न्यायचा म्हणजे सेल आपला आणि काम तिचं. त्यातून या पेट्या काही एका घरच्या नव्हत्या. काही रस्तेवाल्यांनी बसवलेल्या, काही पाणीवाल्यांनी, काही जंगलवाल्यांनी; आणि प्रत्येक खात्याने आपापल्या पेटीला बजावून ठेवलेलं, सेल जपून वापर. मग जंगलवाल्यांच्या पेटीने रस्तेवाल्यांच्या पेटीसाठी जीव का आटवावा? प्रत्येकीला वाटणार, माझा निरोप सगळ्यांनी न्यावा, इतरांचं इतरांनी बघून घ्यावं. एकीनेच असं केलं तर ती हुशार ठरते. सगळ्याच हुशार झाल्या, तर अख्खा डोंगर खाली आला तरी कोणाला पत्ता लागायचा नाही.

यावर तोडगा काढला होता प्रोग्रामवाल्या मॅडमनी. ऑफिस म्हणजे पायथ्याच्या दोन खोल्या. एकीत पडदा आणि मॅडम; दुसरीत काकांचं टेबल, संपलेल्या सेलांनी भरलेली बादली आणि किटली. मॅडम वयाने काकांच्या निम्म्या, हुद्द्याने वरच्या आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणाऱ्या.

"पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत, काका," त्यांनी पहिल्यांदा समजावलं होतं. "पण लहानपणी आपण हेच खेळायचो की! फिट्टंफाट. तू माझा निरोप नेलास, मी तुझा नेला. तू नेला नाहीस, मीही नेणार नाही. कट्टी! पुन्हा न्यायला लागलीस की बट्टी."

आणि खरोखरच त्यांनी पडद्यावर तेच शब्द घातले. दोन पेट्यांचं सुरळीत चाललं असलं की मधल्या रेघेवर हिरव्या अक्षरांत बट्टी, बिघडलं की लाल अक्षरांत कट्टी. मोठे साहेब पाहणीला येणार असले की मॅडम घाईघाईने ते खोडून 'सहकार्य सुरू' आणि 'सहकार्य खंडित' करायच्या, आणि साहेबांची गाडी वळणाआड गेली की पुन्हा कट्टी-बट्टी. साहेबांना वाटायचं, या ऑफिसात फार गंभीर माणसं आहेत.

पेट्यांना नंबर होते, पण काकांनी त्यांना नावं ठेवली होती. कड्याखालची ती वरची. घळीच्या पलीकडची ती पल्याडची. आणि दोघींच्या मध्ये, डोंगराच्या खांद्यावर, होती थोरली. वरचीचं पल्याडचीला, पल्याडचीचं वरचीला आणि दोघींचं मिळून ऑफिसला, जे काही सांगायचं ते एरवी थोरलीतून. साहजिकच थोरलीचे सेल सगळ्यांत आधी उतरायचे. इतरांकडे काका वेळापत्रकाने जायचे, थोरलीकडे मात्र अध्येमध्ये, काही काम नसताना सुद्धा. "थोरल्यांचं असंच असतं," ते एकदा म्हणाले, आणि मॅडम हसल्या. काकांनी ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

काकांचीही एक थोरली होती. त्यांची ताई.

काका राहायचे एका खोलीत. खोलीला एक खिडकी, खिडकीला एक खुर्ची. लग्न व्हायचं राहून गेलं; का, तर आधी घाई नव्हती आणि मग उशीर झाला. मधला भाग नेमका कधी होऊन गेला ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. स्वयंपाक करायचे तो दोन वेळचा एकदाच. ताट धुऊन पालथं घातलं की दिवस संपला. बोलायला असं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलण्यात त्यांना गतीही नव्हती. पण डोंगरावरून खाली पाय टेकला की ते फोन काढून ताईला सांगायचे, "उतरलो." ताई म्हणायची, "बरं झालं." झालं बोलणं. पण त्या "बरं झालं"वर त्यांची संध्याकाळ निघायची.

आठवड्यातून एकदा मात्र ताई सविस्तर बोलायची आणि त्यात धाकट्या भावाचा निरोप असायचाच असायचा. भाऊ दुसऱ्या गावी, बायकामुलांत. पन्नाशी ओलांडली तरी घरात तो छोटूच. "छोटू विचारत होता तुझं," ताई म्हणायची. "म्हणाला, दादाला सांग, चढताना गुडघ्याला पट्टा लाव. आता काही तुझं वय नाही उड्या मारायचं." पट्टा तेव्हापासूनचा. एका थंडीत ताईने मफलर पाठवला आणि फोनवर म्हणाली, "छोटूनं दिलाय. बायकोच्या मागे लागून विणून घेतलाय तुझ्यासाठी." "त्याला सांग," काका म्हणाले, "माझं बरं चाललंय म्हणून." दर वेळी ते एवढंच म्हणायचे. पण त्या दिवशी मफलर गळ्यात घालून ते आरशासमोर बराच वेळ उभे राहिले होते.

दोघा भावांचं सरळ बोलणं नव्हतंच. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तसं काही झालंच नव्हतं. लहानपणापासून दोघांच्या मध्ये ताई बसायची, जेवताना, गाडीत, अंथरुणावर. ती तशीच पुढेही बसून राहिली. दोघांनाही त्यात गैरसोय वाटली नाही. निरोप जात होते, येत होते. आणखी काय हवं?

मग गेल्या वर्षी ताई गेली. तिला पोहोचवून परतताना दोघे भाऊ फाटकाशी उभे राहिले. मध्ये कोणी नव्हतं. "पोहोचलास की कळव," छोटू म्हणाला. काका घरी पोहोचले, सवयीने फोन काढला, ताईचं नाव काढलं, आणि मग फोन तसाच पालथा ठेवून दिला. छोटूला कळवायचं त्यांच्या मनातही आलं नाही, असं म्हणता येणार नाही. आलं. पण त्यांनी विचार केला, इतकी वर्षं दर आठवड्याला माझं विचारणारा माणूस, त्याच्याकडे माझा नंबर आहे, करेल की तोच.

छोटूने केला नाही. आठवडे गेले, महिने गेले. काकांना आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि राग घट्ट बसला. म्हणजे ते सगळं विचारणं ताईसाठी होतं तर! तिच्या समाधानाकरता. ती गेली आणि याचा दादाही गेला. ठीक आहे. तू करत नाहीस, मीही करत नाही. माणसाला एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. काकांना एकटेपणाची सवय होतीच, नवीन होतं ते हे की आपण कोणाच्या बोलण्यातही नाही. डोंगर उतरला की हात अजून खिशाकडे जायचा. मग ते पडद्याकडे बघून मॅडमना म्हणायचे, "उतरलो." मॅडम म्हणायच्या, "दिसताय की, काका."

थंडीच्या सुरुवातीला मोठं वादळ झालं. सकाळी ऑफिसात येऊन बघतात तर पडद्यावर वरचा जवळजवळ सगळा भाग काळा. काका चढून गेले. थोरलीवर झाडाची फांदी पडली होती. खांब वाकलेला, अँटेना मोडलेली, झाकण चेपलेलं. काकांनी फांदी बाजूला ओढली, पेटी खांबावरून सोडवली आणि उराशी धरून खाली आणली. तेवढं जड नव्हतं ते ओझं. पिशवीतही मावलं असतं.

मॅडमनी थोरलीला तार जोडली आणि तिच्या पोटात काय काय आहे ते पडद्यावर वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांचं हसणं थांबलं.

"काका, हे बघा. वरची म्हणते, सगळं ठीक. पुन्हा वरची म्हणते, सगळं ठीक. एकदम तेच आकडे, दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत."

"मग ठीक असेल."

"अहो, थंडीवाऱ्यात इतके सारखे आकडे येतच नाहीत. वरची बऱ्याचदा गप्पच होती. पल्याडचीही. त्या गप्प बसल्या की थोरली त्यांचा जुना निरोप नव्याने सांगायची." मॅडमनी कपाळावर हात मारला. "आणि हे मीच तिला सांगून ठेवलंय! सुरुवातीला पडदा सारखा काळा व्हायचा, लोक घाबरायचे, म्हणून मी एक ओळ घातली होती. कोणी बोललं नाही तर तात्पुरतं शेवटचं सांग. तात्पुरतं! नंतर ती काढायची राहूनच गेली. नशीब डोंगर सरकला नाही."

"म्हणजे इतके दिवस आपण..."

"थोरलीचंच ऐकत होतो."

काका चेपलेल्या झाकणाकडे बघत राहिले. मॅडमनी तिथल्या तिथे ती ओळ काढली, मोठ्या साहेबांना फोन करून झाला प्रकार सांगितला, बोलणीही खाल्ली. नवी पेटी यायला वेळ होता. तोवर एकच मार्ग होता: वरचीने आणि पल्याडचीने एकमेकींचे निरोप न्यायचे. पल्याडचीचं दुसऱ्या एका लांबच्या वाटेने, तुटक का होईना, खाली कळत होतं; तिच्यामार्फत वरचीचंही कळलं असतं.

"ऐकू जातं का त्यांना एकमेकींचं?" काकांनी विचारलं.

"वारा नसला की जातं. पण बघा." मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. दोघींच्या मध्ये लाल अक्षरांत कट्टी. "थोरली पडली तेव्हा वादळ चालू होतं. वरचीने हाक मारली, वाऱ्यात विरली. हिला वाटलं, ती मुद्दाम नेत नाही. पल्याडचीनेही हाक मारली, तीही विरली. तिलाही तसंच वाटलं. आता वारा पडलाय, पण दोघींचं फिट्टंफाट चालू. ती नेत नाही म्हणून ही नेत नाही. ही नेत नाही म्हणून ती नेत नाही."

"म्हणजे चूक कोणाचीच नाही?"

"वाऱ्याची. पण नावावर पडली शेजारणीच्या."

"मग हे सुटायचं कधी?"

"असंच ठेवलं तर कधीच नाही. सेल संपेपर्यंत." मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "यात लिंबूटिंबू घालावं लागेल. लहानपणी खेळात एखादं बारकं पोर असायचं ना, त्याच्यावर राज्य यायचं नाही, ते बाद झालं तरी चालायचं? तसं. अधूनमधून, काही कारण नसताना, समोरचीला लिंबूटिंबू समजायचं. तिने नेला नसला तरी तिचा निरोप आपण एकदा नेऊन टाकायचा. चूक मोजायची नाही."

"आणि तिने फायदा घेतला तर?"

"घेईल. एक निरोप फुकट गेला. सेलचा तेवढा भुर्दंड." मॅडम हसल्या. "दर वेळी करायचं नाही हो, नाहीतर सगळ्या डोक्यावर बसतील. अधूनमधून."

दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम हातातल्या यंत्रात भरून काका निघाले. दाराशी त्यांनी विचारलं, "कुठल्या पेटीत घालू? वरचीत का पल्याडचीत?"

"कुठलीही चालेल. जी जवळ पडेल ती. एकीने सोडून दिलं की पुरे, दुसरीचं फिट्टंफाट आपोआप सुरू होतं." मग त्या काहीतरी आठवल्यासारख्या म्हणाल्या, "काका, थोरली नाही, पडदा काळा, तुम्ही वर कुठल्या पेटीपाशी आहात ते मला कळणार नाही. तुम्ही उतरलात की घरी कोणाला कळवता?"

"ताईला," काका म्हणाले.

ताई गेली तेव्हाची रजा मॅडमनीच मंजूर केली होती. त्यांनी किटलीकडे बघितलं, काकांनी पट्टा उगाच घट्ट केला.

"मग आज मला कळवा," मॅडम हलकेच म्हणाल्या.

डोंगरावर ऊन छान पडलं होतं. वाटेत थोरलीचा वाकलेला खांब लागला. काका तिथे थांबले नाहीत. वरचीपाशी पोहोचून त्यांनी तार जोडली, प्रोग्राम चढवला आणि यंत्र मांडीवर घेऊन दगडावर बसले. यंत्रावर कट्टी. चहा ओतला. कट्टी. चहा संपला. कट्टीच. वरची स्वतःशी काय ठरवत होती कोण जाणे. मग अक्षरं लुकलुकली, क्षणभर काहीच नव्हतं, आणि हिरव्या अक्षरांत आलं, बट्टी. एवढंच. ना टाळ्या, ना कोणी बघायला. घळीच्या पलीकडे झुडपात दुसरा खांब उभा होता, तोही नेहमीसारखाच. काकांनी मात्र यंत्रावरचा तो शब्द पुन्हा एकदा वाचला.

जी जवळ पडेल ती, मॅडम म्हणाल्या होत्या. काकांनी फोन काढला. मीच का, हे मनात आलंच. वर्षभर रोज येत होतं ते. त्याला तसंच बाजूला बसवून त्यांनी नंबर लावला.

"हॅलो?"

"छोटू, मी."

"दादा?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. जायला आता आहे कोण?"

"मग?"

"काही नाही. सहज केला."

"सहज," छोटू म्हणाला. खोटं नाणं वाजवून बघावं तसा त्याने तो शब्द उच्चारला. मग तो बरा आहेस का म्हणाला, काका बरा आहे म्हणाले, तू, मीही बरा, आणि दोघांकडचा माल संपला. काकांना वाटलं, ठेवून द्यावा. एक निरोप फुकट गेला. तेवढ्यात छोटू म्हणाला,

"दादा, एक विचारू? चिडू नकोस."

"विचार."

"ताई होती तोवर दर आठवड्याला माझं विचारायचास. छोटूचा खोकला कसा आहे, त्याला म्हणावं धुळीत जाऊ नको. आणि ती गेली तसं तुझं एकदम बंद. पोहोचलास तेही कळवलं नाहीस." त्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "म्हणजे ते सगळं तिच्या समाधानासाठीच होतं का रे?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे वाक्य त्यांचं होतं. वर्षभर त्यांनी ते जपून ठेवलं होतं, छोटूला कधीतरी सुनावण्यासाठी, आणि आता तो तेच त्यांना ऐकवत होता. नाही रे, म्हणून टाकता आलं असतं. कामात होतो, सुचलं नाही, विचारणार होतो. छोटूला बरं वाटलं असतं. पण काल पडद्यावर तेच तेच आकडे त्यांनी शेवटच्या घरापर्यंत पाहिले होते.

"मी कधी विचारलंच नाही, छोटू."

"म्हणजे?"

"मी ताईला म्हणायचो, बरं चाललंय म्हणून सांग. तेवढंच. तुला खोकला आहे हे मला आत्ता कळतंय."

काकांनी फोन कट झाला का बघितलं.

"छोटू?"

"आहे."

"आणि माझ्या गुडघ्याचं तू..."

"कुठला गुडघा?" छोटूने विचारलं.

काकांनी पट्ट्यावर हात ठेवला. पुढचं विचारू नये असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं. "तो मफलर. तुझ्या बायकोनं विणलेला. तू मागे लागून करून घेतलास."

"हिनं? दादा, हिला साधं बटण लावता येत नाही!" आणि छोटू हसला, हसता हसता खोकला. काकांनी तो खोकला पहिल्यांदाच ऐकला. कोरडा, खोलवरून येणारा. "मग माझा स्वेटर? तुझ्या डोंगराखालच्या बाजारातून आणून पाठवलेला?"

"मी कुठला जातोय बाजारात स्वेटर घ्यायला!"

दोघेही हसले. चांगले मोठ्याने हसले, लहानपणी ताईला फसवून हसायचे तसे. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की फसवलं कोणी कोणाला, आणि हसणं विरत गेलं.

"बराय," छोटू शेवटी म्हणाला. "मी आत्ता जरा... मला जरा बसू दे. उतरलास की कळव."

उतार उतरताना काकांचा गुडघा दुखत होता आणि ते सावकाश चालले होते. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. कट्टी सुटली होती. पण त्यांना वाटत होतं की ताई पुन्हा एकदा गेली, आणि या वेळी बरोबर पुष्कळ काही घेऊन गेली. पट्टा लाव म्हणणारा भाऊ गेला. मफलर धाडणारा भाऊ गेला. दर आठवड्याला कुठल्यातरी घरात आपलं नाव निघतं, या आधारावर ते इतकी वर्षं एका खुर्चीच्या खोलीत सुखाने राहिले होते. दोन माणसांची माया म्हणून जी वापरली ती सगळी एकाच माणसाची होती. आणि त्या माणसाला त्यांनी कधी विचारलं होतं का, तुझा गुडघा कसा आहे? तिला काय दुखत होतं, कोणाला ठाऊक? तिच्या स्वतःच्या तब्येतीचा निरोप कधी आलाच नाही, कारण तो आणायला मध्ये दुसरं कोणी नव्हतं. वाकलेल्या खांबापाशी आल्यावर काका या खेपेला थांबले आणि खांबाला धरून रडले. वर कोणी नसतं, हा त्या नोकरीचा एक फायदा.

पायथ्याला पाय टेकला. मॅडमनी काचेतून पाहून आधीच हात हलवला. काकांनी फोन काढून छोटूला लिहिलं, "उतरलो."

उत्तर आलं नाही. काका घरी गेले, भांड्यात तांदूळ घेतले, धुतले, चढवले. आपण उगाच खरं बोललो, असं त्यांना वाटायला लागलं. त्याच्याकडेही एक विचारणारा दादा होता. तो आपण काढून घेतला आणि बदल्यात दिलं काय? भाताला वाफ आली तेव्हा फोन वाजला.

छोटूने लिहिलं होतं, "मफलर कुठल्या रंगाचा आहे?"

काकांनी ते पुन्हा वाचलं. मग दुसऱ्या कुणाचा निरोप तर नाही ना म्हणून वरचं नाव बघितलं. गॅस बारीक करून ते खिडकीशी गेले, गळ्यातला मफलर काढून उजेडात धरला, आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "राखाडी. एका टोकाला निळा पट्टा. लोकर कमी पडली असेल."

या वेळी उत्तर लगेच आलं. "माझा स्वेटर निळा आहे. एका बाहीला राखाडी पट्टा."

काका खुर्चीत बसले. मफलर मांडीवर होता. भात लागल्याचा वास येऊ लागला तरी ते उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन उचलला आणि लिहिलं, "खोकल्यावर औषध घेतोस का?" ते पाठवलं. मग वाटलं, एवढ्याने भागणार नाही, आणि आजवर कोणालाही न म्हटलेलं त्याच्याखाली लिहिलं, "उद्याही काहीतरी विचार."